चावीच्या ग्रामोफोनचा सूर का ढळतो?

सांगली, प्रतिनिधी - माळ्यावरचा आजोबांचा ग्रामोफोन खाली काढला जातो, चावी दिली जाते, थाळी फिरूही लागते. मात्र गायकाचा आवाज जड, रेंगाळलेला येतो आणि मुद्रिका संपण्यापूर्वीच थाळी थबकते. ध्वनिमुद्रिका खराब झाली, असा समज करून घेऊन यंत्र पुन्हा माळ्यावर जाते. प्रत्यक्षात अनेकदा दोष असतो तो पेटीच्या पोटातील स्प्रिंगच्या मोटारीचा, आणि तो दूर करता येतो.

सातारा व सांगली जिल्ह्यांशी या यंत्राचे नाते जुने आहे. गावोगावी वीज पोहोचण्यापूर्वी ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाप्रमाणेच चावीचा ग्रामोफोनही विजेवाचून चालत असे. नागठाण्यात जन्मलेले बालगंधर्व आणि मिरजेला वास्तव्य केलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे गाणे ध्वनिमुद्रिकांमुळे घराघरांत पोहोचले. खाँसाहेब १९३७ मध्ये निवर्तले. त्यांच्या आवाजाची ओळख आज मुद्रिकांतूनच होते. म्हणूनच ती वाजवणाऱ्या यंत्राची गती अचूक असणे महत्त्वाचे ठरते.

मोटार चालते कशी?

मोटारीत एक गोल डबा असतो. त्यात काही मीटर लांबीची पोलादी पट्टी गुंडाळलेली असते. चावी दिली की ती आवळली जाते आणि सैल होताना दातेरी चाकांमार्फत थाळी फिरवते. पूर्ण आवळलेल्या स्प्रिंगचा जोर अधिक, तर उलगडत आलेल्या स्प्रिंगचा कमी असतो. तरीही थाळीची गती सारखी राहते ती 'गव्हर्नर'मुळे. त्याच्या दांड्यावर पातळ पट्ट्यांना बसवलेली तीन वजने असतात. गती वाढली की ती बाहेर फेकली जातात आणि दांड्यावरील चकती सरकून चामड्याच्या वा नमद्याच्या गादीवर घासते. त्या घर्षणाने गती आवरली जाते.

बिघाड आणि उपाय

सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे वाळलेले ग्रीस. ते घट्ट झाले की स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि मध्येच धक्क्याने सुटतात. पेटीतून 'धप्प' असा आवाज येतो. अशा वेळी डबा उघडून स्प्रिंग रॉकेलने धुवावी लागते व कोरडी करून ग्राफाइटयुक्त ग्रीस लावावे लागते. खाद्यतेल लावण्याचा मोह टाळावा. ते काही काळाने चिकट होते.

हे काम मात्र जोखमीचे आहे. मोटार खोलण्यापूर्वी स्प्रिंगचा ताण पूर्ण उतरवणे अत्यावश्यक असते. त्यानंतरही डब्यातील स्प्रिंग उसळून हात कापू शकते. जाड हातमोजे व चष्मा घालून जाणकारानेच ती काढावी. स्प्रिंग टोकाशी तुटली असेल, तर टोक तापवून नरम करून नवे छिद्र पाडता येते. मधोमध तुटल्यास ती बदलणेच योग्य. गव्हर्नरची पट्टी तुटली वा वजने सैल झाली, तर आवाज थरथरतो. गादी कडक झाली असेल, तर ती बदलून तेलाचा थेंब द्यावा.

गती कशी तपासावी?

मुद्रिकेखाली कागदाचा कपटा थोडा बाहेर ठेवून, सुई टेकवलेल्या स्थितीत फेरे मोजावेत. अर्ध्या मिनिटाला ३९, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे व्हावेत. कमी-अधिक भरल्यास गतीचा खटका सरकवावा. ७८ ऐवजी ७४ फेरे झाले तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरतो. पेटीच्या भाषेत काळी एकचे गाणे पांढरी एकवर येते. शिवाय सुरुवातीला बरोबर असलेली गती शेवटी मंदावली, तर गायकाचा षड्जच ढळल्यासारखा वाटतो.

मोटार नीट झाल्यावरही पथ्ये पाळावी लागतात. पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी वापरावी, अन्यथा झिजलेले टोक मुद्रिकेच्या खाचा खरवडते. वाजवून झाल्यावर स्प्रिंग ताणलेली ठेवू नये.

मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. तेथील कारागीर तानपुऱ्याची जवारी कानाने पारखून लावतात. ग्रामोफोनच्या दुरुस्तीतही अखेरची परीक्षा कानाचीच असते. थाळी फिरली म्हणजे काम संपले असे नव्हे. पहिल्या आलापीपासून अखेरच्या तानेपर्यंत सूर स्थिर राहिला, तरच मोटार दुरुस्त झाली.