यहुदी धर्मशास्त्रांतील विनोद : पोथी वाचणारांस एक सूचना

धर्मशास्त्राच्या पोथींत एखादें विनोदाचें स्थळ आढळलें म्हणजे तें मूळ ग्रंथांतील नसून मागाहून कोणा लेखकूनें मौजेखातर घुसडलें असावें, असा तर्क करण्याकडे संशोधकाचा सहज कल होतो. यहुदी लोकांच्या तालमूद ग्रंथास हा तर्क लावूं गेल्यास मात्र फसगत होते. तेथें विधि व विनोद एकाच पानावर, एकाच पंडिताच्या मुखीं नांदतात. हे दोन कसे ओळखावे, याचा थोडा विचार येथें कर्तव्य आहे.

तालमुदाचें मूळ जी मिश्ना, ती इ. स. २०० च्या सुमारास ग्रथित झाली. तीवरील चर्चारूप भाष्यास गेमारा म्हणतात. बाबिलोनी तालमुदाची सिद्धता सुमारें सहाव्या शतकापर्यंत होत गेली. त्यांतील विधिभागास हलाखा व कथाभागास अग्गादा अशा संज्ञा आहेत. रब्बा नांवाचा आचार्य पाठास आरंभ करण्यापूर्वीं शिष्यांस कांहींतरी विनोदाची गोष्ट सांगे, ते हंसले म्हणजे मग गंभीर होऊन विषयास हात घाली, असें तालमुदांतच नमूद आहे. तेव्हां शास्त्र शिकविण्याची ती एक मान्य रीतीच होती.

पण तिला मर्यादाही होती. खुराड्यापासून पन्नास हातांच्या आंत सांपडलेलें कबुतराचें पिलूं खुराड्याच्या धन्याचें, त्यापलीकडे सांपडल्यास सांपडेल त्याचें, असा मिश्नेचा नियम आहे. यावर रब्बी यिर्मिया यानें शंका काढली कीं, पिलाचा एक पाय हद्दीच्या आंत व दुसरा बाहेर असल्यास काय करावें? एवढ्यासाठीं त्यास पाठशाळेबाहेर काढण्यांत आलें. पुढें एका प्रश्नास त्यानें विनयपूर्वक उत्तर धाडलें, तेव्हां त्यास परत घेतलें. संपादकांनीं ती शंका गाळिली नाहीं व तिची शिक्षाही गाळिली नाहीं. त्यामुळें शास्त्राची चिकित्सा कोठें थट्टेच्या उंबरठ्याशीं येते, तें स्थळ आपणांस आयतेंच दाखविलें गेलें आहे.

याहून अवघड उदाहरण पेसाह सणाचें आहे. त्या सणांत घरांत आंबवलेल्या पिठाचा कणही राहूं नये, म्हणून आधीं घर झाडून शोधावें लागतें. शोधलेल्या घरांत उंदीर पावाचा तुकडा घेऊन शिरला व उंदीर तुकडा घेऊन बाहेर पडला, तर तो तोच उंदीर मानावा काय? शिरणारा पांढरा व निघणारा काळा असल्यास? निघालें तें मुंगसासारखें जनावर असून उंदीर व पाव दोन्हीही त्याच्याच तोंडांत असल्यास? वाचणारास हंसूं आल्यावांचून राहत नाहीं. परंतु इ. स. १२०४ त वारलेल्या मैमोनिदेस या महापंडितानें आपल्या धर्मसंहितेंत याच उंदरांविषयीं रीतसर निर्णय दिले आहेत. कारण उघड आहे. पूर्वी निश्चित झालेली स्थिति संशयानें कितपत बदलते, हा खरा प्रश्न असून उंदीर हें केवळ निमित्त आहे. म्हणून हंसूं आलें एवढ्यावरून स्थळ प्रक्षिप्त ठरवूं नये.

याच्या उलट, ज्यास विधीचें रूप असून आंत निव्वळ विनोद आहे, असेही ग्रंथ आहेत. पुरीम हा मद्यपानाचा व थट्टामस्करीचा सण. त्यासाठीं कालोनिमस बेन कालोनिमस यानें चौदाव्या शतकांत ‘मस्सेखेत पुरीम’ हा ग्रंथ तालमुदाच्या हुबेहूब शैलींत रचिला. सणाचीं पक्वान्नें सिनाय पर्वतावर मोशेस सांगण्यांत आलीं, असा त्यांत आव आहे. त्याच शतकांतील ‘मगिल्लत सेतारीम’ या विडंबनांत हबक्कूक संदेष्ट्याचें नांव फिरवून ‘बाटली’ या अर्थाच्या शब्दावर आणिलें आहे, आणि गुरुपरंपरेंत नोहा, लोट अशा मद्यप्राशनाबद्दल प्रसिद्ध असलेल्यांची मालिका गोंविली आहे. सुटें पान हातीं आल्यास प्रथम गुरुपरंपरेचीं नांवें तपासावीं, तीं साक्ष देतात.

हा भेद केवळ पांडित्याचा नाहीं. तेराव्या शतकांत निकोलस दोनिन यानें पोप ९ वा ग्रेगरी याजकडे तालमुदाविरुद्ध ३५ आरोप नेले. त्यांत अग्गादेंतील कथावचनांचाही भरणा होता. १२४० सालीं पॅरिस येथील वादांत रब्बी यहिएल यानें हलाखा बंधनकारक असून अग्गादा तशी नाहीं, असें प्रतिपादिलें, तें मान्य झालें नाहीं. १२४२ सालीं चोवीस गाड्या भरून हस्तलिखितें जाळण्यांत आलीं. बाबिलोनी तालमुदाची जवळजवळ संपूर्ण म्हणतां येईल अशी जुनी हस्तलिखित प्रत आज एकच उरली आहे. ती १३४२ सालची असून म्युनिक येथें आहे.

आपल्याकडील संग्राहकांसही हा विषय परका नाहीं. कोंकणांत शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे बेने इस्राएल पुरीमास ‘होळीचा सण’ व पेसाहास ‘अनशी धाकाचा सण’ म्हणत, असें त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं नोंदविलें आहे. पेसाहच्या रात्रीं वाचावयाची हग्गादा मराठी भाषांतरासह १८४६ सालीं मुंबईस शिळाप्रेसवर छापली गेली व १८७४ सालीं पुण्यासही निघाली. असे कागद कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांतील विचित्र दिसणारा प्रश्न चुकीचा म्हणून सुधारूं नये, व विनोदी म्हणून वगळूंही नये. तो जसा आहे तसा उतरून घ्यावा. प्रश्नावर निर्णय झाला, कीं प्रश्नकर्त्यास पाठशाळेबाहेर घालविलें, कीं सर्वच पुरीमच्या मेजवानींतलें आहे, एवढें पाहिलें म्हणजे त्याची जात आपोआप कळते.