जुळ्यांचा सातबारा

हिंदी पडद्यावरची जुळी भावंडे इस्टेटीसाठीच जन्माला येतात. १९६७च्या ‘राम और श्याम’मध्ये इस्टेटीवर डोळा ठेवणाऱ्या मेहुण्याला श्यामने चाबकाने फोडून काढले. १९७२च्या ‘सीता और गीता’त गीताने छळणाऱ्या काकूला वठणीवर आणले. टाळ्या पडल्या, आपण घरी गेलो.

आता यवतमाळ जिल्ह्यातले एखादे वडिलोपार्जित कापसाचे वावर घ्या आणि जुळे बहीण-भाऊ. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या हिश्शात मुलीलाही वाटा दिला; पण जन्मतः सहहिस्सेदार फक्त मुलगा. बहीण दोन मिनिटे आधी जन्मली तरी मागेच! महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हे बदलले, तेही आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली केंद्राने ती अट ठेवली नाही. बाप तेव्हा हयात नसला तरी मुलीचा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले.

इथला खलनायक चाबूक घेऊन येत नाही. पीककर्जाला सातबारा लागतो, नावे वाढली की सह्या वाढतात. मग भाऊ मायेने म्हणतो, ‘सई करून दे वं बाई. माहेर तं तुयंच हाये.’ हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदले जाते, फेरफार होतो, नाव उडते. बँकेच्या टेबलामागून असे कागद मी पुष्कळ पाहिले. त्यांत साडीचोळीचा उल्लेख नसे.

सूडाचा प्रवेश मात्र फार साधा असतो. बहीण चष्मा काढते, म्हणते, ‘आधी वाचून पायते,’ आणि चहा निवेपर्यंत कोणी बोलत नाही.