प्रेमकादंबरी काय देते, काय टाळते

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या वणीत वाचनालयाच्या कपाटापुढे उभं राहिलं की शिवण उसवलेली, पुन्हा बांधणी केलेली पुस्तकं आधी नजरेत भरतात. त्यांत प्रेमकादंबऱ्या फार. हातोहात फिरल्याची ती खूण. म्हणूनच त्यांना 'टाइमपास' म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही.

आक्षेप जुनाच

लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' ही कादंबरी १८६१ साली आली, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली. सुंदर नायिका, शूर नायक, ताटातूट, योगायोग, शेवटी मीलन. १८७२ मध्येच काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटक यांवर निबंध लिहून अशा अद्भुत गोष्टींवर टीका केली. आज वाचनालयात ऐकू येणारी तक्रार साधारण तीच आहे.

तंत्र

ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांनी प्रेमकथा कॉलेजात आणली. टेनिस, मोटार, शिकलेली नायिका. 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' या त्यांच्या कादंबऱ्यांवर एक अख्खी पिढी पोसली. 'प्रतिभासाधन' या पुस्तकात त्यांनी लेखनाचं तंत्रही उघड करून मांडलं. हे तंत्र हलकं समजू नये. दोघं एकत्र येणार हे वाचकाला पहिल्या प्रकरणातच कळलेलं असतं. तरी त्याला शेवटच्या पानापर्यंत जागं ठेवायचं, तर दर प्रकरणात नवा अडसर हवा. तो माणसांच्या स्वभावातून निघाला, कुणाच्या मानीपणातून, कुणाच्या भिडेतून, की कादंबरी उभी राहते. हरवलेलं पत्र, दाराआडून ऐकलेलं अर्धं वाक्य, ऐनवेळचा अपघात यांवर भागवलं की ती ढासळते. महिन्याला एक या वेगाने लिहिलेल्या पुस्तकांत असे अपघात फार होतात.

दुपारचे दोन तास

या कादंबऱ्यांचं खरं बळ वाचणाऱ्या बाईपाशी आहे. अमेरिकेत जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या 'रीडिंग द रोमान्स'मध्ये अशा वाचक स्त्रियांशी बोलून दाखवलं, की पुस्तक हातात घेणं हाच त्यांच्यासाठी घरकामातून स्वतःपुरता वेळ काढण्याचा मार्ग होता. आपल्याकडे योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर यांची पुस्तकं पोरं शाळेत गेल्यावर, ओटा आवरल्यावर अशीच उघडली गेली. ज्या घरात तिला भाजीसुद्धा कोणती आवडते हे कुणी विचारत नाही, तिथे नायिकेच्या पसंतीवर अख्खी गोष्ट फिरते, ही मोठी गोष्ट आहे.

कोर्टाची पायरी

अशा प्रेमकथांवर अश्लीलतेचा शिक्काही बसला. चंद्रकांत काकोडकर यांची 'शामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या काकोडकरांना १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी' या कादंबरीवरचा हिंदी चित्रपट 'दो रास्ते' पडद्यावर आला.

आडनाव

माझी तक्रार अश्लीलतेची नाहीच. ही प्रेमकादंबरी बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरात राहते. तिच्यात आमच्याकडच्यासारखा कोळशाच्या खाणीत पाळीवर जाणारा नायक नसतो. कापूस विकल्यावर मगच लग्नाची तारीख ठरते, असं घर नसतं. वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत चोरून झालेली भेट नसते. हे एक वेळ चालेल. पण जात नसते, हे मला चालत नाही. नायक-नायिका गैरसमजापायी तीनशे पानं दूर राहतात, आणि दोघांची जात मात्र पहिल्यापासून जुळलेली असते, न सांगता.

आमच्या गावात मुलीने घरी एखाद्या मुलाचं नाव काढलं, तर पहिला प्रश्न येतो, आडनाव काय? त्या प्रश्नापासून सुरू होणारी, आणि तरीही रात्री उशिरापर्यंत खाली ठेववणार नाही अशी प्रेमकादंबरी मी आमच्या ग्रंथपालांकडे कधीची मागते आहे.