तापमान इशारा मर्यादा आणि हिस्टेरेसिस

संगणकातील प्रोसेसर, मदरबोर्ड, डिस्क इत्यादी भागांवरील तापमान संवेदक ज्या अंशाला धोक्याचा इशारा देतो, त्यास इशारा मर्यादा म्हणतात. इशारा थांबण्याचा अंश त्याहून खाली ठेवलेला असतो. या दोहोंतील अंतरास हिस्टेरेसिस अशी संज्ञा आहे. हे अंतर नसेल, तर मर्यादेजवळ तापमान अर्धा अंश हलले तरी इशारा सतत चालू-बंद होत राहतो.

एलएम७५ या प्रचलित संवेदकात मूळ मर्यादा ८० अंश सेल्सिअस, तर इशारा थांबण्याचा अंश ७५ असतो. लिनक्स प्रणालीत हे दुसरे मूल्य अंतर म्हणून नव्हे, तर प्रत्यक्ष तापमान म्हणून, तेही अंशाच्या सहस्रांशात लिहितात : ७५ अंशांसाठी ७५०००.

मर्यादा ठरविताना खोलीचे तापमान विसरून चालत नाही. भार तोच असल्यास भागाचे तापमान खोलीपेक्षा साधारण तितकेच अधिक राहते. २५ अंशांच्या खोलीत ५५ अंशांवर चालणारा प्रोसेसर, ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात खोली ४५ अंशांपर्यंत तापली, तर ७५ च्या घरात पोहोचतो. मग क्षणिक भाराने ८० अंशांना सुरू झालेला इशारा ७५ ला थांबेलच असे नाही. तो सायंकाळपर्यंत वाजत राहतो, कंटाळून बंद केला जातो आणि पुढे पंखा खरोखर अडकला तरी कळत नाही. निर्मात्याची कमाल मर्यादा पुरेशी उंच असेल, तर दोन्ही अंश ५ ने वाढविणे योग्य. हार्ड डिस्कबाबत मात्र ही सोय नाही. अनेक डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशच असते. तेथे आकडा वाढविण्याऐवजी जाळीतील धूळ काढणे, हवा खेळती ठेवणे किंवा दुपारचे काम रात्री करणे एवढेच हाती उरते.