हरिद्रेची ओळख आणि वनस्पती-जनुकशास्त्रातील प्रयोगशाळा तंत्रज्ञ

द्रव्याचे गुणकर्म जाणण्यापूर्वी त्याचे नाम व रूप जाणले पाहिजे, हा आपल्या शास्त्राचा आग्रह आहे. वनात शेळ्यामेंढ्या व गाई चारणारे लोक औषधी नामरूपाने ओळखतात, परंतु त्यांचा योग जाणणारा तोच खरा तत्त्ववेत्ता, असा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आला आहे. आज या रूपज्ञानाच्या परंपरेत आणखी एका व्यक्तीची भर पडली आहे. ती म्हणजे जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ. हा तंत्रज्ञ वनस्पतीचे पान वा कंद न पाहता तिच्या पेशीतील डी.एन.ए. पाहतो. त्याच्या हातून निघालेला अहवाल आपल्या औषधशाळेत येतो आणि त्यावर आपण कच्चा माल स्वीकारतो किंवा परत पाठवतो. म्हणून त्याचे काम कसे चालते, त्यातून काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, हे वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही हा विषय हरिद्रेच्या उदाहरणाने मांडत आहोत.

हरिद्रा निवडण्याचे कारण उघड आहे. हिंगोली जिल्हा आज हळदीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. हिंगोलीचे संत नामदेव मार्केट यार्ड आणि वसमतची बाजारपेठ येथे केवळ जिल्ह्यातीलच नव्हे, तर शेजारच्या जिल्ह्यांतीलही हळद येते. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यापूर्वी २०२२ मध्ये वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारण्यास राज्य शासनाने मान्यता दिली. संशोधन आपल्या दाराशी येत असताना त्याची भाषा आपल्याला परकी राहू नये.

हरिद्रेचे जनुकीय वैशिष्ट्य

बहुतेक वनस्पतींच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. हळदीत ते तीन असतात. तिची गुणसूत्रसंख्या ६३ आहे. तीन संचांची समान विभागणी होऊ शकत नाही, त्यामुळे हळदीला फूल आले तरी सहसा बीज धरत नाही. म्हणून शेतकरी पिढ्यान्पिढ्या जेठे गड्डे व हळकुंडे लावूनच हळदीची वाढ करत आला आहे. कंदापासून उगवलेले रोप जनुकदृष्ट्या मूळ रोपाची जवळजवळ तंतोतंत प्रतिकृती असते. आपल्या भागात मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी सेलम जात वसमतच्या शेतात असो वा तमिळनाडूच्या, तिचा डी.एन.ए. जवळपास तोच राहतो. या एका वस्तुस्थितीवर पुढील बरेच विवेचन अवलंबून आहे. भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये हळदीच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यामुळे तुलनेसाठी भक्कम आधार उपलब्ध झाला आहे.

तंत्रज्ञाचे प्रत्यक्ष काम

जनुकशास्त्र म्हटले की मोठी यंत्रे डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात यशापयश ठरते ते खलात. कोवळे, निरोगी पान द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून ते वितळण्याच्या आत वस्त्रगाळ चूर्णासारखे बारीक करावे लागते. पान वितळले तर पेशीतील विकरे मोकळी होऊन डी.एन.ए.चे तुकडे करतात. खलकर्माचे महत्त्व आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर हे चूर्ण सी-टॅब नावाच्या क्षालकद्रावणात सुमारे ६५ अंशांवर ठेवतात. हळदीत पिष्टमय पदार्थ, बाष्पनशील तेल आणि पॉलीफेनॉल विपुल असतात. औषधात जे आपल्याला हवे असते, तेच येथे अडथळा ठरते. त्यासाठी द्रावणात मिठाचे प्रमाण वाढवतात व पॉलीफेनॉल बांधून ठेवणारे पी.व्ही.पी. मिसळतात. पुढे क्लोरोफॉर्म व आयसोअमाइल अल्कोहोल २४ : १ या प्रमाणात घालून मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. प्रथिने मधल्या थरात अडकतात आणि डी.एन.ए. वरच्या निर्मळ थरात राहतो. त्यात आयसोप्रोपेनॉल घातले की पांढरे तंतू दिसू लागतात. हे तंतू ७० टक्के अल्कोहोलने धुऊन वाळवतात.

मिळालेला डी.एन.ए. शुद्ध आहे की नाही, हे प्रकाशशोषणावरून ठरवतात. २६० व २८० नॅनोमीटरवरील शोषणाचे गुणोत्तर १.८च्या आसपास आले तर प्रथिनांची भेसळ नाही असे मानतात. यानंतर पी.सी.आर. यंत्रात डी.एन.ए.चा ठरावीक भाग वाढवला जातो. सुमारे ९४ अंशांवर दोन धागे विलग होतात, तापमान उतरवल्यावर प्रारंभक खंड जुळतात आणि ७२ अंशांवर नवे धागे तयार होतात. अशी ३५ आवर्तने झाली तर एका रेणूपासून तत्त्वतः ३४ अब्जांहून अधिक प्रती तयार होतात. अखेरीस अगारोजच्या थरातून विद्युत्प्रवाह सोडून पट्टे वेगळे करतात. पट्टे दिसण्यासाठी वापरला जाणारा इथिडियम ब्रोमाइड हा रंग जनुकीय बदल घडवू शकणारा आहे. त्यामुळे हातमोजे व अतिनील किरणांपासून डोळ्यांचे रक्षण अनिवार्य ठरते.

कोरी नळी आणि नोंदवही

३४ अब्ज प्रती करणारी पद्धत धुळीच्या कणातील परक्या डी.एन.ए.च्याही तितक्याच प्रती करते. म्हणून प्रत्येक वेळी एका नळीत नमुना न घालता बाकी सर्व द्रव्ये घालतात. या कोऱ्या नळीत पट्टा दिसला, तर त्या दिवसाचे सर्व निष्कर्ष रद्द करावे लागतात. दुसऱ्या नळीत ओळख पक्की असलेल्या वनस्पतीचा डी.एन.ए. असतो. तेथे पट्टा आला नाही, तरी चाचणी फसली असे समजतात. कामाचा संपूर्ण दिवस वाया गेला, हे नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिणारा तंत्रज्ञ ही प्रयोगशाळेची खरी संपत्ती होय. अहवालावर सही बहुधा वरिष्ठाची असते, पण विश्वासाचा पाया या नोंदीत असतो.

लेखी नोंदीचे मोल हळदीनेच जगाला दाखवले आहे. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि पूर्वापार वापराच्या लिखित पुराव्यांच्या बळावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्या घरोघरी जे सर्वांना ठाऊक होते, ते तेथे कागदावर दाखवावे लागले.

डी.एन.ए.ने काय कळते

कोळिकोड येथील भारतीय मसाले संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००४ मध्ये बाजारातील हळद पावडरीच्या नमुन्यांत कचोऱ्याची भेसळ डी.एन.ए.च्या आधारे दाखवून दिली. कचोरा हे त्याज्य द्रव्य नव्हे. ते आपल्या निघंटूंतील स्वतंत्र औषध आहे, परंतु ते हरिद्रा नव्हे. चूर्ण झाल्यावर सजातीय कंद डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. तेथे ही पद्धत उपयोगी पडते.

दुसरे उदाहरण दारुहरिद्रेचे. भावप्रकाशाने हरिद्रेसोबतच आम्रगंधी हरिद्रा, वनहरिद्रा व दारुहरिद्रा यांचे वर्णन केले आहे. बाजारात दारुहरिद्रेच्या नावाने बर्बेरिस वंशातील काष्ठाऐवजी दक्षिणेतील कोसिनियम या वेलीचे काष्ठही विकले जाते. दोन्हींत बर्बेरीन असते. त्यामुळे केवळ बर्बेरीन आढळले एवढ्यावरून द्रव्य खरे ठरत नाही. येथे सूक्ष्मदर्शकाखालील रचना आणि, काष्ठातून पुरेसा डी.एन.ए. मिळाल्यास, जनुकपरीक्षा निर्णायक ठरते.

डी.एन.ए.ने काय कळत नाही

१. वीर्य व प्रत कळत नाही. डी.एन.ए. वनस्पतीची ओळख सांगतो. करक्युमिन व तेल किती आहे, कंद पक्व होता की कोवळा, साठवणीत कीड लागली का, हे तो सांगत नाही.

२. उत्पत्तिस्थान कळत नाही. वर सांगितल्याप्रमाणे एकाच जातीची हळद सर्वत्र जनुकदृष्ट्या सारखीच असते. त्यामुळे ‘वसमतचीच हळद’ असे डी.एन.ए. अहवालाच्या आधारे कोणी म्हणत असेल, तर तो दावा मान्य करू नये. भौगोलिक मानांकनाचा पुरावा शेत, शेतकरी व खरेदीच्या नोंदीत असतो.

३. खनिज भेसळ कळत नाही. हळदीला पिवळाधमक रंग देण्यासाठी वापरले जाणारे लेड क्रोमेट हे शिशाचे विषारी लवण आहे. त्यात डी.एन.ए. नसतोच. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. जनजागृती व कठोर कारवाईनंतर २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. हा बदल शिशाच्या चाचणीमुळे शक्य झाला. अशी हळद जनुकपरीक्षेत निर्दोष उत्तीर्ण होईल, हे विसरता कामा नये.

४. प्रमाण सहजी कळत नाही. साध्या पी.सी.आर.मध्ये कचोऱ्याचा पट्टा दिसला, तर कचोरा आहे एवढेच सिद्ध होते. तो निम्मा आहे की त्याच चक्कीत आदल्या दिवशी दळलेल्या मालाचा अंश आहे, हे सिद्ध होत नाही. एवढ्यावरून पुरवठादारावर लबाडीचा आरोप करणे अन्यायाचे होईल.

५. पट्टा न येणे म्हणजे द्रव्य नसणे नव्हे. आपल्याकडे हळद शिजवून, उन्हात वाळवून, पॉलिश करून बाजारात येते. शिजवण्यात डी.एन.ए.चे तुकडे होतात. हरिद्राखंडासारखा पाक, क्वाथ वा घनसत्त्व यांत तो आणखी नष्ट होतो. तयार कल्पाऐवजी कच्च्या द्रव्याचीच जनुकपरीक्षा करावी, हे यावरून स्पष्ट होते.

औषधनिर्मात्यांनी पाळावयाची पथ्ये

१. नमुना पोत्याच्या केवळ वरच्या थरातून न घेता वर, मध्ये व तळाशी, आणि शक्य तितक्या पोत्यांतून घ्यावा. चूर्णापेक्षा अखंड हळकुंड पाठवणे श्रेयस्कर.

२. हातमोजे घालून नमुना स्वच्छ, कोरड्या पाकिटात ठेवावा. एकाच चमच्याने दोन द्रव्यांचे नमुने घेऊ नयेत.

३. पाकिटावर घाण क्रमांक, खरेदीची तारीख, बाजारपेठ व हळद शिजवलेली की कच्ची, हे लिहावे. नमुन्याचा निम्मा भाग सीलबंद करून स्वतःकडे राखून ठेवावा.

४. प्रयोगशाळेला नेमका प्रश्न विचारावा. ‘हळद शुद्ध आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘यात कचोरा आहे का?’, ‘शिसे किती आहे?’, ‘करक्युमिन किती?’ हे तीन प्रश्न तीन निरनिराळ्या चाचण्यांचे आहेत.

५. अहवालात तुलनेसाठी वापरलेली प्रमाण वनस्पती कोणती, तिची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाने निश्चित केली होती का, आणि कोऱ्या नळीचा निष्कर्ष काय आला, हे पाहावे. प्रमाण नमुनाच चुकीचा असेल, तर पुढील सारे काम व्यर्थ ठरते.

६. आयुर्वेदिक फार्माकोपियातील बाह्यलक्षणे, सूक्ष्मदर्शकी परीक्षा, भस्ममान व सत्त्वमान या चाचण्यांना जनुकपरीक्षा हा पर्याय नाही. ती त्यांना पूरक आहे.

उपसंहार

या क्षेत्रात येण्यासाठी वनस्पतिशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा कृषी विषयातील पदवी उपयुक्त ठरते. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आपल्या शेजारीच आहे. ज्या मुलांनी घरच्या शेतात हळदीचे बेणे निवडले आहे, कढईजवळ उभे राहून हळद शिजली की नाही हे ओळखले आहे, त्यांच्याजवळ या कामास लागणारी नजर व चिकाटी आधीच असते. आपल्या परिचयातील अशा विद्यार्थ्यांना या वाटेची माहिती वैद्यांनी अवश्य द्यावी.

वैद्य, द्रव्य, परिचारक व रोगी हे चिकित्सेचे चार पाद होत. त्यांतील द्रव्य हा पाद बळकट करण्याचे काम तंत्रज्ञ पडद्याआड राहून करतो. त्याच्या अहवालाला अवास्तव महत्त्व देऊ नये आणि त्याची उपेक्षाही करू नये. त्याच्याकडे योग्य नमुना व योग्य प्रश्न पाठवणे ही आपली जबाबदारी आहे. ती आपण पार पाडली, तरच रुग्णाच्या हाती जाणाऱ्या पुडीतील हरिद्रा खरोखर हरिद्राच आहे, असे आपण निःशंकपणे म्हणू शकू.