सरवट्यांचे दोन रकाने

इंदुरात ‘सरवटे’ म्हटलं की आधी बसस्टँड आठवतं. हे सरवटे वेगळे : क्रिकेटपटू चंदू सरवटे. १९२० साली सागरला जन्मले, पण नाव कमावलं ते होळकर संघात, सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली. त्या काळात होळकर संघाने ४ वेळा रणजी करंडक जिंकला.

सरवट्यांचे कसोटी सामने ९, बळी अवघे ३. एवढंच वाचलं तर वाटेल, बेताचाच खेळाडू! पण प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये याच फिरकी गोलंदाजाचे ४९४ बळी आहेत, शिवाय ७ हजारांवर धावा.

१९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध भारताचे २०५ धावांत ९ गडी बाद झाले होते. तिथून दहाव्या क्रमांकावरचे सरवटे आणि अकराव्या क्रमांकावरचे शूट बॅनर्जी यांनी २४९ धावांची भागीदारी केली. दोघांचीही शतकं झाली! सरवटे शेवटपर्यंत नाबादच राहिले.

क्रिकेटखेरीज ते बोटांच्या ठशांचे तज्ज्ञही होते. २००३ साली इंदुरातच त्यांचं निधन झालं.

एका पेपरात मार्क कमी पडले की आपण लगेच स्वतःला ‘ढ’ ठरवतो. अशा वेळी सरवट्यांचे ३ आणि ४९४ हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून पाहावेत.