दिव्यामागचे हात

निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस, पंख पसरलेले चतुर! न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीचे रंगीत काचेचे दिवे जगभर नावाजले ते मालकाच्या नावाने. पण ही फुले, हे चतुर दिव्यावर आणले क्लारा ड्रिस्कोल या बाईंनी. त्यांच्या हाताखालच्या मुली काच निवडून कापीत, कडांना तांब्याची पट्टी लावीत. फुलांच्या एका दिव्याला सुमारे २००० तुकडे! लग्न झाले की काम सुटे. चतुराच्या दिव्याला १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात पदक मिळाले. क्लाराबाईंनी घरी धाडलेली पत्रे अभ्यासकांना सापडली, तेव्हा कुठे २००७ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात या कामगार स्त्रियांचे श्रेय जगापुढे आले. भगिनींनो, आम्ही एवढेच म्हणतो : आपल्या हातच्या कामाची नोंद आपणच लिहून ठेवा.